गावानं मला लावलेला आजार

मी अंगणवाडी सेविका होते असं सांगितलं, की शहरातली माणसं "अच्छा, म्हणजे बालवाडी," असं म्हणून दुसरा विषय काढतात. मला त्याचा राग येतो. बालवाडीत गाणी म्हणायची असतात. अंगणवाडीत गाणी म्हणायची, वजनं करायची, उंच्या मोजायच्या, खिचडी शिजवून घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, लसीच्या दिवशी कणगीमागे लपलेली पोरं ओढून बाहेर काढायची, आणि एवढं सगळं केलं म्हणून मोबाईलमध्ये भरायचं. मोबाईलला रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पायरीवर. रोज अकरा वाजता मला तिथं उभी बघून एका नव्या तलाठ्याचा समज झाला होता की बाई फारच धार्मिक आहेत. मी तो समज मोडला नाही. उगाच कुणाचं चांगलं मत कशाला घालवा?

या अंकाचे संपादक माझ्या भाच्याच्या ओळखीचे. त्यांना वाटलं असणार, बाई कुपोषणावर लिहितील. त्यावर लिहायला भरपूर शहाणी माणसं आहेत. मी गौरीबद्दल लिहिणार आहे. गौरी हे तिचं खरं नाव नाही. ती मुलगी होती की मुलगा, हेही मी बदललेलं असू शकतं. मी नेवासे तालुक्यातली म्हणून सांगते, तेही फार धरून बसू नका. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला पायी जाता येईल अशी गावं थोडीथोडकी नाहीत. ओळखायच्या भानगडीत पडू नका एवढंच सांगते. आमचं अख्खं गाव पडलं होतं, आणि तोंडघशी पडलं.

एका सोमवारी पोरं घरी गेल्यावर पारूबाई आली. साठीची बाई, विधवा, दुसऱ्याच्या शेतात गवार तोडायला जायची. तिची लेक आणि जावई सहा महिन्यांच्या अंतरानं वारले होते. गावाला तिनं कावीळ सांगितली होती. लेकीची चार वर्षांची पोर ती घेऊन आली होती. पोर दारात उभी राहून माझ्या भिंतीवरच्या चित्रांतल्या चुका काढत होती. "ह्या म्हशीला शिंगं लई बारकी हायेत," असं तिनं पहिल्याच दिवशी मला सुनावलं.

"बाई, दार लावा. एक सांगायचंय," पारूबाई म्हणाली.

दार होतं, कडी नव्हती. शनिशिंगणापूर आमच्याहून लांब नाही. तिथं घरांना दारं नाहीत ती श्रद्धेनं, आमच्या अंगणवाडीला कडी नव्हती ती ठेकेदाराच्या कृपेनं. मी दाराला खुर्ची लावली.

"पोरीला ते हाय," ती म्हणाली.

"ते म्हणजे?"

"तेच. एचायव्ही. तिच्या आईला हुतं, बापाला हुतं. नगरच्या सरकारी दवाखान्यातनं गोळ्या चालू हायेत. गोळी चुकवली न्हाई तर पोर चांगली ऱ्हाती म्हनत्यात डाक्टर. पन तुमाला न सांगता कशी बसवू? तुमी न्हाई म्हनलात तर घरी ठिवते." मग आवाज अजून खाली आणून म्हणाली, "आन बाई, गावाला कळलं तर मला गाव सोडावं लागंल. लेकीच्या सासरी कळलं तवा हापशावर पानी भरू दिलं न्हाई. ह्या पोरीला घिऊन मी आता कुटं जाऊ?"

"बसू द्या की, त्यात काय!" मी मोठ्या ऐटीत म्हणाले. "माझ्या तोंडातून शब्द बाहेर जाणार नाही." आणि घरी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. पोरीनं माझं बोट धरलं होतं ना, म्हणून. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आता वाचणारा म्हणेल, सरकार तुम्हाला प्रशिक्षण देत नाही का? देतं. एचआयव्हीवर तासभराचं सत्र मला मिळालं होतं, पण ते जेवणानंतर होतं आणि जेवणात शिरा होता. त्या सत्रातलं मला एवढंच आठवत होतं की शिकवणाऱ्या सरांचा शर्ट पोपटी होता.

तेव्हा मी माझ्या अकलेनं उपाय काढला. आमच्याकडे बावीस स्टीलची ताटं होती, एका कुटुंबानं आजीच्या नावानं दिलेली, सगळ्यांवर "कै. सोनाबाई यांच्या स्मरणार्थ" असं कोरलेलं. सोनाबाईंमुळे ताटं एकमेकांपासून ओळखू येत नसत. मी पुतणीची लाल नेलपॉलिश आणली आणि एका ताटाच्या काठाला ठिपका दिला. हे ताट गौरीचं. वेगळं घासायचं, वेगळं ठेवायचं. कुणाला काही कळणार नाही, असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी गौरीनं ठिपका बघितला आणि ताट डोक्यावर धरून वर्गभर मिरवलं. "माज्या ताटाला टिकली हाय! तुमच्या न्हाई!" दहा मिनिटांत तिथं असं रडगाणं सुरू झालं की रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला थांबून विचारायला आला. दुसऱ्या दिवशी गौरीनं ते ताट बंट्याला चार जांभळांच्या बदल्यात देऊन टाकलं. बंट्या म्हणजे माजी पोलीस पाटील तात्यांचा नातू. त्याच्या पराक्रमाविषयी पुढे येईलच. तिसऱ्या दिवशी बंट्याकडून ते आणखी कुणी हिसकावलं, आणि चौथ्या दिवशी माझी मदतनीस शकू, जी स्वभावानं गरीब आणि रडण्याला घाबरणारी, तिनं माझ्या माघारी उरलेल्या एकवीस ताटांना टिकल्या लावून टाकल्या. "पोरं ऐकंनात बाई," ती म्हणाली, "आन बाटली पन संपतच आलती."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. त्याच आठवड्यात पर्यवेक्षिका मॅडम भेटीला आल्या. त्यांनी ताटं उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "प्रत्येक भांड्याला खूण! छान उपक्रम आहे. फोटो काढून ग्रुपवर टाका." मी टाकले. आमच्या भागातल्या तीनचार अंगणवाड्यांत आजही ताटांना लाल टिकल्या आहेत. कशासाठी, हे तिथं कुणालाच ठाऊक नाही.

गौरीचं ताट कुठलं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी घाबरून उपकेंद्रात सिस्टरकडे गेले. सिस्टर लसीसाठी दर महिन्याला आमच्याकडे यायची, वयानं माझ्या लेकीएवढी, जिभेनं माझ्या सासूएवढी. गौरीचं तिला दवाखान्याकडून आधीच माहीत होतं. ताटांची हकीकत ऐकून ती आधी पोट धरून हसली आणि मग तिनं मला उभं आडवं घेतलं.

"बाई, एका ताटात जेवलं तरी काही होत नाही. उष्टं खाल्लं, हात धरला, मांडीवर घेतलं, नाक पुसलं, मुका घेतला, एक संडास वापरला, काही होत नाही. डास चावून होत नाही. तिच्या गोळ्या नीट चालू आहेत, तिचं वजन वाढतंय. तुमची पोरं तिला गोवर, खोकला देतील, त्याची काळजी करा."

"आणि रक्त आलं तर?"

"कुणाचंही रक्त आलं तर हातमोजे घाला, धुवा, झाकून टाका. कुणाचंही. बंट्याच्या रक्तात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? सगळ्यांना एकच नियम. एकटीला वेगळा नियम लावलात की तिचं नाव फळ्यावर लिहिल्यासारखंच आहे."

हे मला पटलं. चाळीस वर्षं पोरं सांभाळणाऱ्या बाईला हे आपणहून का सुचू नये, असंही वाटलं. त्या दिवशी अंगणवाडीत परत आल्यावर मी गौरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या ताटातला खिचडीचा घास खाल्ला. तिनं माझ्याकडे अत्यंत तुच्छतेनं पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं तुमी घ्या की."

सिस्टरनं हातमोज्यांचा खोका दिला. कुणाचा गुडघा फुटला की मी हातमोजे चढवायची. पोरांना ही इतकी मोठी गंमत वाटली की ती मुद्दाम पडायला लागली. कारण मी वापरलेला मोजा कचऱ्यात टाकला तरी एक कोरा मोजा हट्टापायी फुगवून द्यावा लागायचा. आमची पोरं जनावरांच्या बाजारात वाढलेली. फुगलेला मोजा बघून ती म्हणाली, ही गाईची कास आहे. मग रोज दूध काढणं, गाईचे दात बघणं आणि गाय घेणं-विकणं सुरू झालं. गौरी त्यात दलाल असायची. बाजारात भाव ठरवतात तशी रुमालाखाली हात घालून ती अशी बोटं दाबायची की मोठ्या दलालांनी शिकावं.

बंट्या तेवढा गाईलाही चावायचा. तो सगळ्यांना चावायचा: पोरांना, शकूला, वजनकाट्याला. माझी सगळी काळजी होती की गौरी कुणाला चावेल. गौरीनं दीड वर्षात एकदाही कुणाला दात लावला नाही. बंट्यानं मात्र एकदा गौरीच्या दंडाला असा चावा घेतला की मी दोघांना काखोटीला मारून उपकेंद्रात पळाले. सिस्टरनं दंड पाहिला. कातडी फाटली नव्हती, नुसता वळ होता. "काही झालेलं नाही," ती म्हणाली, "पण ह्या बंट्याला जेवायला देत नाहीत का घरी?"

गौरीची गोळी हाही एक विषयच होता. ती रोज ठरल्या वेळी द्यायची. पारूबाईला घड्याळ कळायचं नाही. तिनं शेजारच्यांच्या टीव्हीवर आठची मालिका धरली होती. मालिकेचं गाणं वाजलं की गोळी. मी एकदा गृहभेटीला गेले तेव्हा सहज विचारलं, "रविवारी मालिका नसते, तेव्हा?" पारूबाईचा चेहरा उतरला. तेव्हापासून तिच्या साध्या मोबाईलवर मी आठचा गजर लावून दिला. गजरात कोंबडा आरवायचा. संध्याकाळी आठला आरवणाऱ्या कोंबड्याबद्दल आळीत बराच काळ चर्चा होती.

असं सगळं छान चाललेलं असताना मी माती खाल्ली.

तालुक्याला प्रशिक्षण होतं. या वेळी मी जेवणानंतरही जागी राहिले आणि शेवटी "काही शंका?" असं विचारल्यावर भर सभेत उभी राहून म्हणाले, "अंगणवाडीत एचआयव्हीचं मूल असेल तर त्याला देवीची, गोवराची सगळी लस द्यायची का?" देवीची लस बंद होऊन जमाना झाला, त्यावर सगळे हसले. पण शेजारच्या गावची सेविका हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ते तिच्या डोक्यात बसलं. बाजाराच्या दिवशी तिनं ते आमच्या गावातल्या नणंदेला सांगितलं. नणंदेनं गिरणीत सांगितलं. गिरणीत सांगितल्यावर पेपरात द्यायची गरज नसते.

सोमवारी बावीसपैकी तीन पोरं आली. त्यांतली एक गौरी. पारूबाई दारात उभी राहून म्हणाली, "न्हाई आनलं तरी लोक म्हनतील, आनलं तरी म्हनतील. काय करू बाई?" मी गौरीला आत घेतलं. हिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी शहाणपणा दाखवायला सभेत काढली होती. एवढं अपराधी मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी गाव अंगणवाडीत जमलं. पुढारी तात्या. अंगणवाडीत मोठी खुर्ची एकच, ती मोडलेली. तात्या पोरांच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. तात्यांचा घेर बघता ते बसले म्हणण्यापेक्षा खुर्चीत ठोकले गेले म्हणणं बरं.

इथं माझी अवस्था सांगायला हवी. महिन्याभरापूर्वी मी वरचे सगळे दात काढले होते. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसणार नव्हती. गाल आत गेलेले, पातळ खिचडीवर जगून अंग उतरलेलं, आणि बोलताना तोंडातून हवा निसटायची. आयुष्यात एकदाच गावासमोर बाणेदार भाषण करायची वेळ आली, ती अशी.

"बाई," तात्या म्हणाले, "कंचं पोर हाय त्ये सांगा. आमी त्याला काय मारनार न्हाई. निस्तं घरी बसवू."

"नाव सांगायला कायद्यानं बंदी आहे, तात्या. आणि घरी बसवायलाही."

"मंग सगळ्या पोरांचं रगत तपासा."

"तपासू की," मी म्हणाले. "पण पोरांना हा आजार आईकडून येतो, आणि आईला बहुतेक बापाकडून. तेव्हा आधी बापांचं तपासू. सुरुवात पंचमंडळींपासून. उद्या सकाळी नऊला येता का?"

एकाला आठवलं की उद्या सकाळी कालव्याला पाणी सुटणार आहे. दुसऱ्याची म्हैस व्यायला झाली होती. तिसरा म्हणाला, तसं घाई करण्यासारखं काही नाही. बायका पदराआड हसायला लागल्या, आणि मला वाटलं, जिंकलं.

पण तात्या पोलीस पाटील होते. त्यांनी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं.

"बाई, एक इचारू? गेल्या महिन्यात मी हर्नियाचं दाखवायला नगरला गेल्तो. तितं त्या आजाराच्या गोळ्या मिळत्यात त्या खिडकीपाशी तुमी रांगंत हुता. मी सोता पाह्यलं. हातात हिरवं पुस्तक हुतं."

खरं होतं. पारूबाई तापानं फणफणली होती. माझी दातांची तारीख त्याच दवाखान्यात होती, म्हणून गौरीचं पुस्तक घेऊन तिच्या गोळ्या मी आणल्या होत्या.

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. त्यांना गाल दिसले, उतरलेलं अंग दिसलं. वर्षभर घातलेले हातमोजे आठवले. पंधरा दिवसांनी होणाऱ्या नगरच्या फेऱ्या आठवल्या. मीही त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "आगं बया! म्हंजी बाईलाच हाय व्हय!"

मी "छे!" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मला नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग गोळ्या कुणाच्या आणल्या?

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी बसलेली पारूबाई उठताना दिसली. तिनं पदर खोचला होता आणि तिचे ओठ हलत होते. ती सांगून टाकणार होती. माझ्यासाठी.

"बसा खाली!" मी ओरडले. दात नसल्यामुळे त्या ओरडण्यातून शिट्टी निघाली. ती पारूबाईसाठी होती, पण सगळेच खाली बसले. "माझं अंग, माझं रक्त. मला काय आहे आणि काय नाही, ते मी एकालाही सांगणार नाही. पण समजा, मलाच आहे. समजूनच चाला. किती वर्षं झाली मला ह्या गावात? तात्या, तुमचा धाकटा माझ्याकडे होता. आता त्याचा बंट्या आहे. दोन पिढ्यांची नाकं ह्या पदराला पुसली. तुमच्या पोरांचं उष्टं मी खाल्लं, माझ्या हातचं त्यांनी खाल्लं. तुमचा बंट्या मला आजवर निदान दहा वेळा चावलाय. झालं का काही? कुणाला झालं असेल त्यानं हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही. तात्या विचारात पडले. मला वाटतं, ते बंट्याचा हिशेब करत होते.

तेव्हा तात्यांची सून सुनीता, बंट्याची आई, जी सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नसे, ती उठली.

"मामंजी, दोन दिस झाले, पोरगं घरी हाय. काल त्यानं कुत्र्याला चावा घेतला. उलटा कुत्रा घाबारलाय. मला रानात जाता येईना का भाकरी थापता येईना. बाईला काय बी आसू द्या. मी उद्या त्याला धाडनार."

"मी बी धाडनार," दुसरी म्हणाली. मग तिसरी. आजाराबद्दलचं ज्ञान त्यांच्यात त्या दहा मिनिटांत फार वाढलं होतं असं मी म्हणणार नाही. पण घरात पोर सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बरं, बरं," म्हणत तात्या रागानं उठले, आणि खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. ती निघेना. दोघांनी खांदे धरले, शकूनं खुर्चीचे पाय धरले. "वढा!" असं तात्या म्हणाले, आणि सभा बरखास्त झाली.

सगळे गेल्यावर पारूबाई माझ्या पाया पडायला आली. मी तिला धरलं आणि आम्ही दोघी खिचडीच्या पातेल्यापाशी बसून रडलो. "बाई, माजं ओझं तुमी का घेतलं?" ती विचारत होती. मी म्हणाले, "सभेत तोंड मी उघडलं होतं, तर निस्तरायचं मीच." हे खरंच कारण होतं. मला उगाच कुणी थोर म्हणू नये.

तेव्हापासून गावाच्या लेखी तो आजार मला आहे. सुरुवातीला त्रास झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं मला वाण इतक्या लांबून दिलं की ते झेलावं लागलं. मी घरी आले आणि रात्रीचं जेवले नाही. पोरांची मात्र एका दिवसाचीही गैरहजेरी नव्हती, आणि गौरी मधल्या ओळीत बसून सगळ्यांच्या चित्रांतल्या चुका काढत होती. ते बघितलं की माझा राग उतरायचा.

सगळ्यात गंमत झाली आमच्या ह्यांची. हे दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचे. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं ते दाढीच्या दुकानात. कारागिरानं त्यांच्यासाठी नवं ब्लेड पाकिटातून काढलं, दाढी केली आणि ब्लेड चिमटीत धरून टाकून दिलं. हे खूश होऊन घरी आले. "अगं, तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नवं ब्लेड लावलं! काय मान ठेवतोय बघ!" मग चार दिवसांनी त्यांना मानाचं कारण कळलं. मला काही न बोलता ते नगरला जाऊन रक्त तपासून आले आणि रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला.

"मला नाही," ते म्हणाले. चेहरा पडलेला. "मग तुला कसा?"

"अहो, मलाही नाही!"

"मग गाव म्हणतंय ते?"

"म्हणू द्या."

"मग आहे कुणाला?"

"ते सांगणार नाही."

ते अजून अधूनमधून विचारतात. एकदा त्यांनी तात्यांवर संशय घेतला होता. दाढीच्या दुकानात मात्र बाकीच्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला की ह्यांना नवं ब्लेड आणि आम्हाला जुनं का, आणि तेव्हापासून तिथं प्रत्येकाला नवं ब्लेड लागतं. सिस्टर म्हणते, तिनं चार वर्षं सांगून जे झालं नाही ते माझ्या बदनामीनं झालं.

मग मी निवृत्त झाले. निरोप समारंभाला तात्या बोलायला उभे राहिले. बसले नव्हतेच, कारण खुर्च्या त्याच होत्या. "एवढा मोठा आजार अंगावर काढून बाईंनी सेवा केली," असं ते म्हणाले. शाल देताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या सभेच्या दिवशी त्यांनी तो धरला नसता. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. आमचे हे पहिल्या रांगेत बसून खोकत होते.

शेवटी शाळेतली पोरं एकेक गुलाब द्यायला आली. गौरी तिसरीत गेली होती. उंच झाली होती, गालही भरले होते. आजाराचं नाव तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं; रोजची गोळी तेवढी तिला ठाऊक होती, आणि तिच्याविषयी कुठं बोलायचं नाही हेही. तिनं गुलाब पाठीमागेच ठेवला आणि मला खाली वाकायला लावलं.

"बाई, तुमी गोळी घेता ना रोज?"

"घेते की." मी खोटं बोलले नाही. थायरॉइडची घेतेच.

"चुकवत न्हाई ना?"

"नाही."

"मंग भ्यायचं न्हाई." तिनं इकडेतिकडे बघितलं आणि तोंड माझ्या कानाला लावलं. "मला बी हाय रोज गोळी. लई वर्सं झाली. काय बी हुत न्हाई. पन ह्ये फकस्त तुमाला सांगितलं. दुसऱ्या कुनाला म्हनून सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. तिनं माझा हात माझ्याच गळ्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली, आणि मग गुलाब दिला.